तीन मिनिटांत बसवलेलं गाणं

नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. हॉटेलच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. खोकू नका, खोकलात तर तेही उमटेल. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं भलामोठा कर्णा लावलाय आणि गौहरजान त्याच्या तोंडाशी वाकून चढ्या आवाजात गातायत. मायक्रोफोन नाही. आवाजाच्या धक्क्यानं कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरतो, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीत नागमोडी खाच कोरते. ती खाच म्हणजेच गाणं. वाजवताना सुई त्याच खाचेतून उलटं काम करते. मिळतात जेमतेम तीन मिनिटं, तेव्हा विस्तार बाईंनी आधीच छाटलाय. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या छापायच्या आहेत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळायला हवं. छपाई लाखेवर होते. रेकॉर्ड हातातून निसटली की तुकडे!

आता पुढे सरका. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येतो, कर्ण्यात ओरडणं संपतं. १९४८ साली लाँग प्ले निघते: मिनिटाला ३३⅓ फेरे, बारीक खाचा, एका बाजूला वीसेक मिनिटं. विलंबित ख्यालाला थोडी ऐसपैस जागा मिळते.

१९८५, पुणे, सदाशिव पेठ. घरगुती मैफल. तुमच्या मांडीशी टेपरेकॉर्डर, आत ९० मिनिटांची कॅसेट. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली ही डबी. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद. तिच्यावरच्या तपकिरी लेपातले लोहऑक्साइडचे कण चुंबकीय होतात आणि आवाज तसा साठतो. गाणं रंगात आलंय आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला ‘टक्’! बाजू पालटून बटणं दाबेपर्यंत अर्धं आवर्तन गेलंच. मैफल संपल्यावर कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे कुणी भाचा त्यावर सिनेमाची गाणी भरणार नाही.

सीडी १९८२ सालीच निघाली होती. आपल्याकडे ती घरोघरी दिसेपर्यंत नव्वदचं दशक उजाडतं. इथे खाच संपते, आकडे सुरू होतात. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा, प्रत्येक माप १६ बिटांचं. आपल्या कानाची मजल फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत. त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजणी पुरते. पाठोपाठ एमपीथ्री. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही, मग ती साठवायची कशाला, असा तिचा हिशेब. १२८ केबीपीएसला फाइल सीडीच्या अकराव्या हिश्श्यावर येते. पण टाकलेलं परत येत नाही. एमपीथ्रीची वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, केलीत तर नुसता आकार फुगतो. फ्लॅक मात्र काही न टाकता फाइल लहान करते.

परत आजच्या दिवसात या. प्रत्येक माध्यमानं काहीतरी गाळलं: कर्ण्यानं विस्तार, कॅसेटनं अर्धं आवर्तन, एमपीथ्रीनं कुजबुज. पहिल्या दोघांपुढे इलाज नव्हता, तिसऱ्यापुढे आहे. घरातल्या जुन्या कॅसेटी काढा, डेकचं हेड साफ करा, पट्ट्या मोडल्यात ना ते बघा आणि आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवा. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला ठीक. मूळ प्रत म्हणून कधीही नको.