‘वुमकर’ नावाचा जर्मन अधिकारी

पडलेलं विमान जुन्या नोंदींवरून ओळखायचं म्हटलं की आधी नंबर आठवतो. बरोबरच आहे. मार्सेयजवळ समुद्रात सापडलेलं फ्रेंच लेखक सांत-एक्झुपेरी यांचं विमान २००४ मध्ये ओळखू आलं, ते एका तुकड्यावरच्या २७३४ या कारखान्याच्या नंबरामुळे. तिथेच एका जर्मन मेसरश्मिटचं इंजिनही निघालं आणि त्याचाही वैमानिक नोंदींवरून शोधता आला. धातूवर ठोकलेला आकडा साठ वर्षं पाण्यात राहूनही तोच राहतो. माणसाचं नाव मात्र एका कारकुनाच्या हाताखालून गेलं तरी बदलतं.

श्रीकृष्ण वेलिणकर मुंबईचे. केंब्रिजला शिकले आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ विमान चालवू लागले. असे भारतीय मोजून चार, त्यांतले हे एक. २७ जून १९१८ ला २३ व्या स्क्वाड्रनचं सॉपविथ डॉल्फिन घेऊन गस्तीवर गेले, ते परतले नाहीत. विमान एका माणसाचं, त्यामुळे सोबत साक्षीदारही नाही. ब्रिटिशांच्या लेखी ते बेपत्ता. पुढचं जे काही घडलं, ते जर्मन कागदांत.

आणि त्या कागदांत नाव होतं ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’!

आता तुम्ही ही नोंद पहिल्यांदा बघताय असं समजा. ओबरलॉयटनंट म्हणजे जर्मन अधिकारी, आपल्या कामाचा नाही, पुढचं पान. इथेच चूक होते. कारकुनाने हुद्दा आपल्या भाषेत लिहिलाय. तो ब्रिटिश लेफ्टनंटच. आता आडनाव. सुरुवातीचं ‘डब्ल्यू’ आणि शेवटचं ‘कर’ शाबूत आहे, मधली अक्षरं गेली. घाईच्या अक्षरात ‘ई-एल-आय-एन’ च्या उभ्या रेघा ‘यू-एम’ सारख्या दिसू शकतात, कागदावर लिहून बघा. एस. सी. म्हणजे श्री आणि चंदा, हे त्यांच्या नावाचे भाग.

मी विज्ञानशाखेची, त्यामुळे सवयीने विचारते: हे योगायोगाने जुळायची शक्यता किती? एकटी आद्याक्षरं जुळली असती तर मी विश्वास ठेवला नसता. पण मृत्यू ३० जूनचा, म्हणजे बेपत्ता झाल्यावर तिसऱ्या दिवशीचा. आणि फ्रान्सच्या आघाडीवर ‘कर’ने संपणारं आडनाव आणखी कुणाचं असणार? मराठी माणूस तिथे लगेच थांबला असता.

१९२१ मध्ये हा गुंता सुटला. सोम भागातल्या हँगार्डच्या युद्धदफनभूमीत आज त्यांची कबर त्यांच्याच नावाने आहे.

तुमच्या शोधातही आधी तारीख आणि ठिकाण धरा, नाव नंतर. डेटाबेसमध्ये शोधताना आडनावाचा मधला भाग मोकळा सोडा. आपल्याच शहराचं घ्या: ब्रिटिशांच्या जुन्या कागदांत औरंगाबादच्या स्पेलिंगमध्ये ‘आर’नंतर ‘ए’च्या जागी ‘यू’ असतो. नंतरच्या स्पेलिंगने शोधलंत तर ते कागद समोर येणारच नाहीत.