परटाची चूक

माझे मामा प्रभात फिल्म कंपनीच्या सुतारखात्यात होते. सिनेमाला गेले की गोष्टीत त्यांचं लक्ष नसे. ते दारं बघत. दार आत उघडतं की बाहेर, जिना कुठं वळतो, भिंत प्लायवूडची आहे हे कुठं कळून येतं. ‘बाजी’ मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून पाहिला, पुण्यात एका मॅटिनीला. त्याचा दिग्दर्शक गुरुदत्त जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मध्यंतरात शेंगदाणे सोलता सोलता मामा म्हणाले, “ह्या क्लबात माणूस सरळ चालतच नाही बघ. सारखा कुठून तरी वळून येतो.”

‘बाजी’वरचं इतकं नेमकं परीक्षण नंतर मला छापील सापडलं नाही.

‘बाजी’चा उगम पुण्यात झाला, हे पुणेकर अभिमानानं सांगतात, आणि ते खोटंही नाही. अल्मोड्याला उदय शंकरांकडे नाच शिकलेला गुरुदत्त पदुकोण १९४४ साली तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये आला. घरची भाषा कोकणी, वाढ कलकत्त्यातली. विश्राम बेडेकरांच्या ‘लाखारानी’त त्यानं साहाय्यही केलं आणि छोटं कामही. १९४६ च्या ‘हम एक हैं’मध्ये नाच बसवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याच चित्रपटात देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आला. परटानं दोघांच्या सदऱ्यांची अदलाबदल केली, सदऱ्यावरून ओळख निघाली, ओळखीतून दोस्ती. तू निर्माता झालास तर दिग्दर्शक मी, मी दिग्दर्शक झालो तर नायक तू, असा शब्द दिला-घेतला गेला. देवनं चेतन आनंदबरोबर १९४९ मध्ये ‘नवकेतन’ काढली आणि दुसऱ्याच चित्रपटाला शब्द पाळला.

पण सदऱ्याची गोष्ट इतकी गोड आहे की पुढची शाळा विसरली जाते. गुरुदत्त मुंबईत ज्ञान मुखर्जींच्या हाताखाली राबला. हे ‘किस्मत’वाले मुखर्जी. १९४३ सालीच त्यांनी अशोककुमारला पाकीटमार करून थिएटरं भरली होती. त्यांच्या १९५० च्या ‘संग्राम’वर गुरुदत्त साहाय्यक होता. गुन्हेगारावर प्रेक्षकाला जीव कसा लावायला लावायचा, हे त्यानं तिथं पाहिलं. ‘बाजी’ हॉलिवूडच्या ‘गिल्डा’वरून उचलला म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. पुढे ‘प्यासा’ त्यानं मुखर्जींच्याच स्मृतीला वाहिला.

‘बाजी’ १९५१ चा. मुंबई राज्यात दारूबंदी लागू झालेली. चोरून मिळणारी दारू आणि न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारा आकडा, दोन्ही धंदे गल्लीबोळांत चालत. अशा शहरात देव आनंदचा मदन हा फुटकळ जुगारी. बहीण आजारी, औषधाला पैसे नाहीत, म्हणून तो क्लबात गिऱ्हाइकं आणायचं काम धरतो. वस्तीत मोफत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मुलीवर त्याचा जीव जडतो. आणि क्लबाचा अंधारातला मालक निघतो तिचाच बाप! के. एन. सिंगची ती थंड नजर. पटकथा बलराज साहनींची, त्यामुळे हा मला नुसता योगायोग वाटत नाही. दवाखान्याचं दान आणि जुगाराची लूट एकाच तिजोरीत नेऊन ठेवायचं काम साहनींसारखा डावा माणूसच करणार. पाच वर्षांनी गुरुदत्तनं काढलेल्या ‘सी. आय. डी.’तही खलनायक प्रतिष्ठित गृहस्थच आहे.

(साहनींची आणखी एक देणगी म्हणजे बेस्टचा कंडक्टर बद्रुद्दीन काझी. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं गुरुदत्तपुढं दारुड्याचं सोंग आणलं आणि काम मिळवलं. न पिणाऱ्या या माणसाला दारूबंदीच्या शहरात नाव मिळालं जॉनी वॉकर.)

खरी बाजी मारली ती गाण्यांनी. साहिरनं गझल लिहिली, सचिनदेव बर्मननी तिला पाश्चात्त्य ठेका दिला, आणि क्लबातली नर्तकी गीता बाली हातात गिटार घेऊन ती गाते ती मदनला उचकवायला. इथं गाण्यासाठी गोष्ट थांबत नाही. सगळ्यात मोठा नमुना शेवटाकडचा: मदनच्या जिवावर कुणी उठलंय हे नर्तकीला कळलंय, उघड बोलायची सोय नाही, म्हणून ती नाचता-गाता त्याला सावध करते. तिचा आवाज गीता रॉयचा. याच गाण्यांच्या निमित्तानं गुरुदत्तशी गीता रॉयची ओळख झाली आणि १९५३ मध्ये लग्न.

छायाचित्रकार होते व्ही. रात्रा. त्यांच्या हाताखालच्या मूर्ती नावाच्या साहाय्यकानं नर्तकीच्या या सावध करणाऱ्या गाण्यासाठी दिग्दर्शकाला एक शॉट सुचवला: आरशातल्या देव आनंदवर सुरुवात करायची आणि कॅमेरा न तोडता सरकवत न्यायचा. अवघड होता. रात्रांनी करून बघ म्हटलं, मूर्तींनी स्वतः कॅमेरा चालवला, आणि शॉट मिळाला. मामांनी पडद्यावर काय टिपलं होतं ते मला हे वाचल्यावर कळलं. वळत होता तो कॅमेरा; सुताराला वाटलं, वाट वाकडी आहे.

त्या दिवशी गुरुदत्तनं मूर्तींना सांगितलं, पुढचा चित्रपट तुझा. १९५२ मध्ये ‘जाल’ आला. छायाचित्रण : व्ही. के. मूर्ती.