आबांचा अस्सल फोन

बँकेत वीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही नाही, तरी सही ओळखता येते. चेकवरची सही खातेदाराची की खातेदाराच्या मेव्हण्याची, हे मी एका नजरेत सांगतो. (माझी स्वतःची सही मात्र दर वेळी वेगळी येते.) एवढ्याशा गुणापोटी घराण्याने एक खटला माझ्यावर सोपवला : आबांचा अस्सल फोन कोणता?

आबांची सांगलीला हळदीची अडत होती. पेढीवर काळा, डायलचा फोन आणि माडीवर त्याचंच एक्स्टेन्शन. १९८७ साली वाटणी झाली. एक फोन थोरल्या काकांकडे राहिला. दुसरा आमच्या बापूंच्या ट्रंकेतून साताऱ्याला आला. ‘पेढीवरचा फोन माझाच, त्याच्याकडचा माडीवरचा,’ असं दोघंही छातीठोकपणे सांगत. एवढ्यावरून दोघा भावांचा अबोला. फोन दोन आणि बोलणं बंद!

“तू बँकेत आहेस नव्हं? मग ओळख की!” काका म्हणाले. मी पडलो बी.कॉम. स्क्रूड्रायव्हरचा आणि माझा संबंध रेडिओचे सेल बदलण्यापुरता. तरी अभ्यासाला लागलो.

जुन्या फोनचे शौकीन आधी अंगाची परीक्षा करतात. अस्सल बेकलाइट हाताला जड लागतं आणि गरम पाण्यात भिजवून चोळलं की कार्बोलिकसारखा वास येतो. (हा प्रयोग करताना बायकोने माझ्या डोक्याची परीक्षा केली.) १९०७ साली बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं. मग वायर बघायची : जुनी सुती वेष्टणाची, नंतरची प्लॅस्टिकची वळीदार. शेवटी पोट उघडून आतल्या भागांवरचे शिक्के आणि साल जुळवायचे. अंग एका सालचं, डायल दुसऱ्या आणि रिसीव्हर तिसऱ्या, असं निघालं की शौकीन नाक मुरडतात आणि भाव पाडतात.

पण आपल्याकडे हे नाक मुरडणं परवडणारं नाही. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना १९४८ साली बंगळूरला निघाला. सुरुवातीला तिथे परदेशातून आलेले भाग जोडूनच फोन होत. पुढे एकेक भाग इथे बनू लागला. म्हणजे आपला फोन जन्मतःच मिश्रविवाहातला! त्यात, जिथे एक्स्चेंजवरची बाई नंबर जोडून देई, तिथल्या फोनला डायलच्या जागी नुसती चकती असायची. एक्स्चेंज स्वयंचलित झालं की त्याच अंगावर डायल बसे. अशा डायलला ‘मागाहून बसवलेला’ म्हणून हिणवणं म्हणजे नातवाला ‘तू आजोबांनंतर आलास’ म्हणून घराबाहेर काढण्यासारखं आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं : यंत्र ग्राहकाच्या मालकीचं नसेच. ग्राहकाने भाडं भरायचं, यंत्र सरकारी खात्याचं. बिघडलं की लाइनमन यायचा, चालत नसलेला भाग काढायचा आणि दुसऱ्या फोनचा चालणारा बसवायचा. अदलाबदल करता यावी अशाच बेताने ते भाग घडवलेले. म्हणजे काका आणि बापू इतकी वर्षं भारत सरकारच्या मालकीवरून एकमेकांशी भांडत होते!

हे निकालपत्र मनात तयार ठेवून मी दोन्ही फोन टेबलावर मांडले. साताऱ्याच्या फोनच्या डायलमध्ये नंबराची चिठ्ठी होती. शेपटी लांब ओढलेला सात! आबांच्या चोपड्यांत तो हजारदा पाहिलेला. सही जुळली; बापू जिंकले. मग सांगलीच्या फोनचा रिसीव्हर उघडला. बोलायच्या बाजूची टोपी फिरवली, तर आट्यांमध्ये पिवळी धूळ. नखावर घेऊन वास घेतला. हळद! माडीवर हळद कुठली? काका जिंकले.

म्हणजे पेढीवरच्या फोनचं अंग साताऱ्यात आणि रिसीव्हर सांगलीत. मी लाइनमनला दोष देणार, तेवढ्यात मिरजेच्या आत्या म्हणाल्या, “त्याला बिचाऱ्याला काय बोलतोस? आईनंच चहा पाजून सांगितलं होतं त्याला. म्हणाली, दोघांनाबी त्यांचाच फोन पाहिजे, तर दोघांनाबी जाऊ दे अर्धा अर्धा. आणि मला म्हणाली, बोलू नकोस कुठं.”

आत्यांनी तो शब्द इतकी वर्षं पाळला होता. खोलीत कुणीच काही बोललं नाही. मी निकालाच्या कागदावर दोन्ही फोनांपुढे ‘सही जुळते’ असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. ती नेहमीप्रमाणे जुळली नाही.

त्या रात्री मी माझ्या मोबाईलवरून काकांना फोन लावला आणि काही न सांगता बापूंच्या हातात दिला. बापू बराच वेळ नुसते धरून बसले. मग घसा खाकरून म्हणाले,

“अण्णा, माझा रिसीव्हर कधी आणून देतोस?”

पलीकडून आवाज आला, “आधी माझा डायल घेऊन ये. आणि जेवायलाच ये.”