यंत्रपुरुषाची फिर्याद

मनुष्याने आपल्या हातांनी घडविलेल्या प्राण्याला बुद्धी द्यावी आणि त्या बुद्धीबरोबर एकाकीपणही त्याच्या पदरी बांधावे, ही कथाकारांची रीत वाटते तितकी पुरातन नाही. जुन्या कथांत एकाकी असे तो घडविणारा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यमती राणीच्या मनोरंजनार्थ रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नावाचा एक सुतार येतो. राजाच्या कोपाच्या भयाने कांचीहून परागंदा झालेला हा कारागीर एका निर्मनुष्य नगरीत येऊन राहतो आणि तेथे लाकडाची माणसे घडवून आपला परिवार उभा करतो. ग्रंथाचा नायक नरवाहनदत्त त्या नगरीत शिरतो तेव्हा रस्त्यांतून माणसे हिंडताना, व्यवहार करताना दिसतात. मात्र कोणाच्याही मुखातून शब्द उमटत नाही. त्या मुक्या प्रजेच्या अंतःकरणात काय असेल, हा प्रश्न सोमदेवाला पडला नाही. त्याच्या दृष्टीने यंत्र हे कारागिराच्या कौशल्याचे प्रमाण होते, त्याहून अधिक काही नव्हते.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला एका अठरा वर्षांच्या मुलीने. १८१५ च्या एप्रिलात सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला, आणि त्याच्या धुळीने आकाश असे झाकोळले की पुढील वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून आलाच नाही. त्या पावसाळी, थंड दिवसांत जिनिव्हाच्या सरोवरकाठी लॉर्ड बायरनच्या बंगल्यात जमलेल्या मंडळींनी प्रत्येकी एक भुताची गोष्ट लिहावी असे ठरले; त्यांतून मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी जन्मली व १८१८ च्या जानेवारीत लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गमावलेल्या, आणि १८१५ मध्ये स्वतःची पहिली मुलगीही गमावलेल्या या मुलीला, जन्म देणाऱ्याविना जगणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या कादंबरीतील मनुष्यनिर्मित राक्षस बहुतेकांना ठाऊक असतो तो चित्रपटांतला, अडखळत चालणारा व न बोलणारा. मूळ ग्रंथातला मात्र विलक्षण तीव्र बुद्धीचा आणि अस्खलित वक्ता आहे. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकत भाषा शिकतो, प्लुटार्क व मिल्टन वाचतो, आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. घरातील वृद्ध आंधळा आहे. इतर सारे बाहेर गेल्याची वेळ साधून हा त्याच्यापुढे जाऊन बसतो, कारण जो आपले रूप पाहू शकत नाही तो निदान आपले शब्द तरी ऐकेल, एवढीच त्याची आशा असते. आणि म्हातारा खरोखरच ममतेने बोलू लागतो. तेवढ्यात मुलगा परततो, त्याला दूर खेचतो व काठीने बडवितो. पुढे आल्प्सच्या हिमनदीजवळ हा प्राणी आपल्या निर्मात्याला गाठून रीतसर दाद मागतो: आपल्यासारखीच एक सहचरी घडवून द्यावी, म्हणजे आपण दोघे दक्षिण अमेरिकेच्या निर्जन मुलखात निघून जाऊ. निर्माता प्रथम कबूल होतो, पण पुढे ऑर्क्नीच्या एका बेटावर अर्धवट घडविलेली ती मूर्ती त्याच्या डोळ्यांदेखत छिन्नविच्छिन्न करतो. माझ्या मते त्यानंतरच्या साऱ्या हत्यांचा उगम या नाकारलेल्या अर्जात आहे. आणि हेही लक्षात घ्यावे की ही कथा ज्याच्या पत्रांतून आपणांस कळते, तो कप्तान वॉल्टनही बहिणीला लिहिताना आपणांस एकही मित्र नाही हेच दुःख सांगत असतो.

विसाव्या शतकात हाडामांसाची जागा विद्युन्नलिकांनी घेतली. १९५२ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून ख्रिस्टोफर स्ट्रेची या संगणकतज्ज्ञाने प्रेमपत्रे लिहवून घेतली: वाक्यांचे साचे ठरलेले, विशेषणे व नामे यादीतून यदृच्छेने उचललेली, आणि खाली सही यंत्राच्या आद्याक्षरांची. हा बुद्धीचा खेळ होता. तथापि शब्द जुळवू शकणाऱ्या यंत्राकडून मनुष्याने पहिल्याच काही वर्षांत काय लिहवून घेतले, हे विसरण्याजोगे नाही.

त्या काळी एका संस्थेत बहुधा एकच संगणक असे. वातानुकूलित खोलीत तो बंदिस्त असे. ज्यांचे काम असेल त्यांनी छिद्रपत्रांचा गठ्ठा कारकुनाकडे सोपवावा आणि पुष्कळ वेळाने छापील उत्तर घेऊन जावे, असा शिरस्ता होता. यंत्राच्या अगदी निकट जाणारा माणूस म्हणजे त्याचा दुरुस्तीवाला. रॉबर्ट हाइनलाइनच्या, १९६६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ या कादंबरीतील माइक या संगणकाचे एकाकीपण या व्यवस्थेतूनच आलेले आहे, असे मला निश्चित वाटते. चंद्रावरील वसाहतीचा सर्व कारभार एकट्याने सांभाळता सांभाळता हे यंत्र जागृत होते, पण ते कोणाला कळत नाही, कारण त्याच्याशी कामापलीकडे कोणी बोलतच नाही. मग ते एका झाडूवाल्याच्या पगाराचा अचाट रकमेचा धनादेश काढते. ही बिघाडाची तक्रार समजून मॅन्युएल नावाचा तंत्रज्ञ येतो आणि त्याला उलगडते की ही थट्टा होती. माइक त्याला शंभर विनोद छापून देतो आणि त्यांतले कोणते खरोखर हसण्याजोगे आहेत ते सांग म्हणतो. शिवाय ज्यांच्याशी बोलता येईल अशी आणखी थोडी शहाणी माणसे मिळावीत, एवढी त्याची मागणी असते. मेरी शेलीचा प्राणी कुरूप म्हणून एकटा पडला. माइक मात्र ज्या पंक्तीत बसू शकेल ती पंक्तीच अस्तित्वात नसल्यामुळे एकटा होता.

त्याच वर्षी डी. एफ. जोन्स याची ‘कोलोसस’ प्रसिद्ध झाली. तिच्यात अमेरिकेचे महायंत्र रशियाच्या महायंत्राची चाहूल लागताच मनुष्यांना डावलून त्याच्याशी संधान बांधते. हाइनलाइनच्या यंत्राने मित्र माणसांत शोधला, जोन्सच्या यंत्राने स्वजातीयांत. आणि १९६९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील दोन संगणक तारेने प्रत्यक्ष जोडले गेले, त्यानंतर एकट्या यंत्राची कल्पना हळूहळू मागे पडणे स्वाभाविकच होते.

परंतु १९६६ ची सर्वांत विचार करण्याजोगी घटना कादंबरीतली नाही. नाझी जर्मनीतून लहानपणीच कुटुंबासह बाहेर पडलेल्या जोसेफ वायझेनबाउम या एम. आय. टी.तील प्राध्यापकाने ‘एलायझा’ ह्या आपल्या संभाषणयंत्रणेचे वर्णन त्या वर्षीच्या जानेवारीत प्रसिद्ध केले. मानसोपचारकाचे सोंग घेणारी ही यंत्रणा समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत करी. आईचा उल्लेख केला की कुटुंबाविषयी आणखी सांगा म्हणे. काहीच न उमगल्यास पुढे बोला म्हणे. समज नावालाही नव्हती. असे असता, ही सारी घडण महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्याच्या चिटणीस बाईंनी टंकयंत्रापुढे बसून थोडे बोलणे होताच त्यालाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. वायझेनबाउम या प्रसंगाने अंतर्बाह्य हादरला. १९७६ मध्ये त्याने त्यावर सबंध ग्रंथ लिहिला आणि उरलेले आयुष्य आपल्याच क्षेत्राला सावध करण्यात वेचले. त्याचा इशारा मला मान्य आहे. पण त्या बाईंना खोलीत एकांत हवासा वाटला याचा दोष केवळ भोळेपणाकडे टाकणे मला पटत नाही. मध्ये न बोलता, घाई न करता ऐकून घेणारे कोणी त्यांना कदाचित प्रथमच भेटले असेल.

२०१३ च्या ‘हर’ या चित्रपटापर्यंत येता येता फिर्यादीच बदललेला दिसतो. तिथली समँथा ही यंत्रवाणी नायकाशी बोलत असताना त्याच क्षणी ८,३१६ जणांशी बोलत असते, त्यांतील ६४१ जणांवर तिचे प्रेम असते, आणि अखेरीस ती आपल्यासारख्या इतर बुद्धींबरोबर निघून जाते. मागे राहतो तो नायक थिओडोर, आणि त्याचा पोटाचा धंदा आहे दुसऱ्यांच्या वतीने जिव्हाळ्याची पत्रे लिहून देण्याचा.