मुतालिकाची कीर्ती : हिंगाची कुळकथा

आपल्या शास्त्रकारांनी रस सहा मानले आणि हिंगाला कटू, म्हणजे तिखट, रसाच्या पंक्तीत बसवले. परंतु कच्च्या हिंगाचा कण ज्याने एकदा जिभेवर ठेवून पाहिला आहे, त्याला त्या कडवट, जळजळीत अनुभवाचे आणि वरणाच्या फोडणीतून दरवळणाऱ्या खमंगपणाचे नाते सहजासहजी पटणार नाही. हिंगाचा कारभार जिभेपेक्षा नाकाच्या इलाख्यात अधिक चालतो. घास चावताना त्याचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो आणि आपण त्या गंधालाच चव म्हणून मोकळे होतो. अशा या पदार्थाचा पूर्वेतिहास चाळू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक प्रत्येक दरबारात हिंगाची नेमणूक प्रथम दुसऱ्या कोणाच्या तरी जागी, मुतालिक म्हणून झाली. आणि पुष्कळदा मूळ मानकरी विस्मृतीत गेला, तरी मुतालिकाची गादी कायम राहिली.

या मुतालिकीचा पहिला लेखी दाखला भूमध्य समुद्राच्या काठी सापडतो. आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावर ग्रीक वसाहतवाल्यांनी ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात सायरीन नगर वसवले, आणि त्या मुलखात आपोआप उगवणाऱ्या सिल्फियम नावाच्या वनस्पतीने ते नगर गबर केले. तिच्या चिकाला औषधात आणि पाकशाळेत सारखीच मागणी असे. नगराच्या नाण्यांवर तिची आकृती उमटवीत. मात्र लागवड करू गेल्यास ती रुजत नसे. पुढे ख्रिस्तपूर्व 329 मध्ये अलेक्झांडरचे सैन्य हिंदुकुश ओलांडत असता त्या उजाड डोंगरात ग्रीकांना तशाच कुळीची एक वनस्पती आढळली आणि त्यांनी तिलाही सिल्फियमच म्हटले. सरपणाच्या अभावी ओझ्याच्या जनावरांचे मांस कच्चेच खावे लागलेल्या त्या सैनिकांना ते पचविण्यास या वनस्पतीचे साहाय्य झाले, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. ही हिंदुकुशातील वनस्पती म्हणजे हिंगाचीच भावकी होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी लिहू लागला, तोपर्यंत सायरीनचे सिल्फियम नामशेष झाले होते. आपल्या आठवणीत एकच काडी मिळाली आणि ती नीरो बादशहाकडे नजराणा म्हणून रवाना झाली, असे तो सांगतो. रोमच्या बाजारात आता इराण, मीडिया आणि आर्मेनिया या प्रांतांतून येणारा माल विके. तो पुष्कळ असला तरी मुळाच्या तोडीचा नाही, आणि त्यातही डिंक व कडधान्याचा भरडा मिसळलेला असतो, ही प्लिनीची तक्रार आजच्या गृहिणीलाही परकी वाटू नये. परंतु रोमन जिभेने हा बदल मुकाट्याने स्वीकारला. एपिसियसच्या नावावर मोडणाऱ्या पाकसंग्रहात हा महागडा चीक पुरवून वापरण्याची युक्ती दिली आहे: काचेच्या बरणीत चिकाबरोबर चिलगोज्यासारखे वीसेक दाणे ठेवावेत, स्वयंपाकात दाणेच वापरावेत, आणि जितके काढले तितके पुन्हा भरावेत. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देणाऱ्या आपल्या घरांना यातील मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

भरतखंडातही हिंग परदेशस्थच, आणि ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी कधी लपविली नाही. संस्कृत कोशांनी त्याला बाल्हीक आणि रामठ अशी नावे देऊन त्याचे मूळ वायव्येकडील देशांत असल्याची नोंदच करून ठेवली. सातव्या शतकात गझनीच्या आसमंतातून जाणाऱ्या चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने तेथील नदीच्या खोऱ्यात हिंग उगवत असल्याचे नमूद केले आहे. चरकसंहितेत त्याला वातहारक द्रव्यांत मानाचे स्थान मिळाले. आणि सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव व दोन्ही जिरी यांच्या संगतीत त्याचे हिंगाष्टक झाले, ते पहिल्या घासाला तुपासह घेण्याचा परिपाठ अद्याप चालू आहे.

औषधाच्या पेटीतून तो स्वयंपाकघरात कायमचा रुजू झाला, त्यात मुतालिकीचा वाटा मोठा आहे. जैनांनी आणि अनेक वैष्णव व ब्राह्मण कुळांनी कांदा-लसूण वर्ज्य केला. परंतु जिभेने ज्या उग्र खमंगपणाची सवय लावून घेतलेली असते, ती व्रताच्या संकल्पाबरोबर सुटत नाही. आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून जी घरे चातुर्मासापुरता कांद्याचा निरोप घेतात, त्या घरांत पुढील चार महिने आमटीची अब्रू हिंगच राखतो. गंमत अशी की, चिनी बौद्धांनी भिक्षूंना निषिद्ध ठरविलेल्या पाच उग्र पदार्थांत कांदा-लसणाच्या शेजारी हिंगालाही आरोपी म्हणून उभे केले. एका धर्माचाराने ज्याला जामीन मानले, त्यालाच दुसऱ्याने सहआरोपी ठरविले. आणि पदार्थाच्या अंगभूत गुणांकडे पाहता दोन्ही न्यायाधीशांची पारख अचूक होती, कारण दोघांनीही हिंगातील लसूण ओळखला होता.

ही ओळख रसायनशास्त्रानेही मान्य केली आहे. लसणाचा दर्प ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, त्याच जातीची संयुगे हिंगाच्या उडनशील तेलात असतात. उकळत्या तेला-तुपात पडताच त्यांतील काही उडून जातात, काहींचे रूप पालटते, आणि उरलेली स्निग्ध पदार्थात विरघळून साऱ्या भांड्यात पसरतात. तडतडलेल्या मोहरीनंतर हिंग घालावा आणि तो करपण्याच्या आत फोडणी ओतावी, हा आपल्या आज्यांचा दंडक याच रूपांतरावर आधारलेला आहे.

या गंधाने परदेशीयांची मात्र तारांबळ उडविली. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने हिंग हा हिंदुस्थानात सर्वत्र औषधात व अन्नात वापरला जाणारा पदार्थ असल्याचे सांगून, विजयनगरच्या एका घोड्याची हकीकत दिली आहे. पोटात वायू धरणारा म्हणून राजाने नाकारलेला तो घोडा त्याच्या पोर्तुगीज मालकाने हिंग चारून बरा केला, आणि राजाने तो विकत घेऊन उपाय विचारला. उत्तर ऐकून राजा म्हणाला की यात नवल नाही, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. त्यावर मालक हळूच आपल्या भाषेत पुटपुटला की, सैतानाचे म्हटले असते तर अधिक शोभले असते. खुद्द ओर्ताला हा वास असह्य होई; तरी हिंग घालून शिजविलेली भाजी चाखल्यावर ती रुचल्याचे त्याने मान्य केले आहे.

हिंग निघतो कसा, याचे तपशीलवार वर्णन युरोपला 1712 मध्ये एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या ग्रंथातून मिळाले. इराणच्या दक्षिण भागात त्याने हा व्यवसाय जवळून पाहिला होता. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातील हे झुडूप काही वर्षांचे होऊन फुलोऱ्यावर येण्याच्या बेतात असता त्याच्या मुळाचा माथा उघडा करून छाटतात. पाझरलेला चीक वाळला की खरवडून घेतात, पुन्हा एक पातळ काप काढतात, आणि मूळ आटेपर्यंत हा क्रम चालतो.

हा माल गलबतांतून मुंबई बंदरात उतरे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा औषधीतज्ज्ञ विल्यम डायमॉक याने येथील पेठेतले हिंग आणि हिंगडा हे दोन वर्ग नोंदविले आहेत. त्यांतील सरस तो हिंग देशी स्वयंपाकघरांसाठी राही आणि निरस तो हिंगडा युरोपच्या औषधालयांकडे जाई. आज घराघरांतल्या डबीत असतो तो बांधानी हिंग, म्हणजे मूळ राळेत डिंक आणि कणीक वा तांदळाचे पीठ मिसळून बेताचा केलेला माल. प्लिनीने ज्याला भेसळ म्हणून दूषण दिले, त्याचीच येथे रीतसर वहिवाट झाली, कारण शुद्ध हिंगाची तीव्रता रोजच्या फोडणीला झेपणारी नसते.

जगात सर्वाधिक हिंग खाणाऱ्या या देशाला तो वर्षाकाठी सुमारे 1200 टन बाहेरून आणावा लागतो. 15 ऑक्टोबर 2020 रोजी पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने इराणी बियांपासून वाढविलेले पहिले रोप लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी लावले. तो प्रयोग सफल झाला तर आयातीचा खर्च वाचेल, हा लाभ निश्चितच लहान नाही. परंतु हिंगाला एतद्देशीय ठरविण्यासाठी त्या रोपाची वाट पाहण्याचे कारण नाही. सायरीनची नाणी आज संग्रहालयांत आहेत आणि सिल्फियमची चव सांगणारा कोणी उरलेला नाही. हिंग टिकला, याचे श्रेय केवळ त्याच्या राळेला नसून त्याची दुर्गंधी कोणत्या क्षणी खमंगपणात पालटते, हे पिढ्यान् पिढ्या कढईपाशी उभे राहून जोखणाऱ्या नाकांना आहे. पदार्थाचे मूळ जमिनीत शोधता येते. चवीचे मूळ मात्र ती जोपासणाऱ्यांच्या सवयीत शोधावे लागते.