द्वैभाषिक शाळेत अध्यापनाचे धडे : स्पेनचा पर्याय

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा तिढा नवोदित शिक्षकांच्या परिचयाचा आहे. परदेशातील द्वैभाषिक शाळेत सहायक म्हणून काम करता करता शिक्षण घेणे, हा त्यावरील एक मार्ग होय. त्यासाठी स्पेन हा महत्त्वाचा देश ठरला आहे.

पार्श्वभूमी

स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाने १९९६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलशी करार करून काही सरकारी शाळांत इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून शिक्षण सुरू केले. पुढे २००४-०५ या शैक्षणिक वर्षात माद्रिद प्रांताने २६ प्राथमिक शाळांपासून स्वतःचा द्वैभाषिक कार्यक्रम हाती घेतला. तेथे विज्ञानासारखे विषय इंग्रजीतून शिकवले जातात. गणित आणि स्पॅनिश भाषा मात्र स्पॅनिशमधूनच. महाराष्ट्रातील सेमी-इंग्रजी वर्गांत गणितच इंग्रजीतून शिकवले जाते, हे लक्षात घेतल्यास दोन्ही पद्धतींतील फरक ध्यानात येतो.

सहायकाचे काम

वर्गाची जबाबदारी स्थानिक शिक्षकाकडेच असते. सहायकाने मुलांशी इंग्रजीतून संवाद साधावा, उच्चार व संभाषणाचा सराव घ्यावा, आपल्या देशाची संस्कृती समजावून द्यावी, अशी अपेक्षा असते. कामाचे तास आठवड्याला साधारण १२ ते १६ असतात. शाळेचे वर्ष सप्टेंबर ते जून असे असले, तरी सहायकांची नेमणूक बहुधा ऑक्टोबरपासून होते.

माद्रिदजवळील अल्काला विद्यापीठाच्या फ्रँकलिन संस्थेने या कामाला पदव्युत्तर शिक्षणाची जोड दिली आहे. तिचा अभ्यासक्रम प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील पदवीधरांसाठी असून, सहभागी विद्यार्थी शाळांत सहायक म्हणून काम करत पदव्युत्तर पदवी मिळवतात. शिक्षण मंत्रालयाच्या संभाषण-सहायक योजनेत इतर देशांबरोबर भारतीय उमेदवारांनाही संधी मिळत आली आहे. मात्र देशनिहाय जागा व अटी त्या त्या वर्षीच्या अधिकृत घोषणेत पाहाव्यात.

खर्च व कागदपत्रे

सहायकाला मिळते ते वेतन नसून विद्यावेतन असते. त्यात माद्रिदसारख्या शहरातील घरभाडे भागवणे सोपे नसते. शिवाय पहिला हप्ता हाती पडण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून किमान दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद सोबत असावी. पदवी प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र व विद्यार्थी व्हिसा ही प्रमुख कागदपत्रे होत. त्यांचे साक्षांकन व स्पॅनिश भाषांतर यांत बराच वेळ जातो. इंग्रजी शिकवायचे असले, तरी दैनंदिन व्यवहारापुरती स्पॅनिश येणे आवश्यक आहे.

दुसरी बाजू

द्वैभाषिक शिक्षणावर स्पेनमध्येही मतभेद आहेत. अँघेल, काब्रालेस व कार्रो या अर्थतज्ज्ञांनी माद्रिदच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अल्पशिक्षित पालकांच्या मुलांवर इंग्रजीतून शिकवलेल्या विषयाच्या आकलनाबाबत प्रतिकूल परिणाम झाल्याचे त्यात आढळले. परक्या भाषेतून विषय शिकताना घरी मदत नसलेले मूल मागे पडते, हा प्रश्न मराठी पालकांनाही अनोळखी नाही. वर्गात बसून त्याचे उत्तर शोधण्याची संधी, हाच या अनुभवाचा खरा लाभ मानता येईल.

परतल्यावर काय?

सहायक म्हणून मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे शिक्षकाचा परवाना नव्हे. भारतातील शाळांत नियमित नेमणुकीसाठी बी.एड. वा डी.एल.एड. यांसारखी मान्यताप्राप्त पात्रता आणि लागू असेल तेथे शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यकच असते. परदेशी पदव्युत्तर पदवीची समकक्षताही प्रवेश घेण्यापूर्वीच तपासून घेणे श्रेयस्कर. अशी पूर्वतयारी केल्यास एका वर्षाचा हा अनुभव पुढील वाटचालीत निश्चितच उपयोगी पडेल.