वसतिगृहातील सोबत

जागा मिळाली म्हणजे शिक्षण मिळाले, असे मानणाऱ्यांनी आपल्या मराठवाड्याकडे पाहावे. निजामी राजवटीत नांदेड-लातूरच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. अस्पृश्याच्या मुलाला तर शाळेचे दारही सहसा उघडत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथे वर्गांच्या जोडीला वसतिगृहे होती. पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या पोराला आपल्यासारखी आणखी पोरे भेटत. कामगार संघटनेत नव्या गड्याला जुना गडी हाताशी धरतो. म्हणून आम्हांला या सोबतीची किंमत कळते.

अमेरिकेत १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर काळ्यांच्या सातांपैकी पाच वैद्यकीय शाळा बंद पडल्या. हॉवर्ड आणि मेहॅरी या उरल्या. तेथल्याच विद्यार्थ्यांनी १९६४ साली आपली संघटना उभारली. (आपल्याकडील १९७२ च्या दलित पँथरने नावही तिकडचेच घेतले.)

नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली आले, लातूरला सरकारी २००२ साली. लातूर पॅटर्नच्या शिकवण्या मुलाला प्रवेशापर्यंत नेतात, त्यापुढचे त्यांच्या हिशेबात नाही. तेथे कोणी सहज 'गुण किती?' विचारतो, आणि त्याला जाणून घ्यायची असते जात. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याची तक्रार घरच्यांनी केली. यंदा नांदेड स्टेशनावर उतरणाऱ्या नव्या मुलांना घ्यायला कोण कोण येणार, त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांस भेटावे.